लाल दाराला बाहेरून कुलूप

दि. १० नोव्हेंबर १९७१

मी नंदाबाई बजरंग जांभूळकर, वय ३६ वर्षे, धंदा मजुरी, राहणार टाकवे बुद्रुक, ता. मावळ, जि. पुणे. पोलीस ठाण्यात स्वतः होऊन हजर राहून जबाब देते की, मी कामशेतजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी चिकटवते. मयत सावित्राबाई डोंगरावरच्या ठाकरवाडीची. ती माझ्या शेजारी कामाला बसत असे.

कारखान्यातला आगीचा व चोरीचा धोका पाहून सल्ला देण्यासाठी मालकांनी पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार बाजीराव गराडे यांना नेमले होते. ते महिन्यातून एकदा येत. मागचे दार संकटात बाहेर पडण्यासाठी आहे, त्याच्यापुढे काही ठेवू नका, असे त्यांनी बजावले होते. मॅनेजर निवृत्ती शेलार "हो हो" म्हणत आणि सुभेदारांची पाठ वळली की तिथेच गठ्ठे रचायला लावत. शेवटी दार लांबून दिसावे म्हणून सुभेदारांनी ते लाल रंगवून घेतले.

तो शेंदरासारखा रंग बघून सावित्राबाईने दाराला वाघजाई देवी मानले आणि तिथे झेंडूची फुले वाहिली. मग आम्ही सगळ्याच वाहू लागलो. वाघजाईच्या पुढ्यात गठ्ठे टाकायची कुणाची छाती होणार? मॅनेजरांचीही झाली नाही. सुभेदारांनी फुले पाहिली तेव्हा आधी ते तापले, मग मोकळी जागा बघून हसले. म्हणाले, "माझ्या हुकमानं झालं नाही ते आईनं केलं. खुशाल पूजा करा, पण घंटा झाली की ढकलून बाहेर पडायचं. आई रागावत नाही." तसे त्यांनी आमच्याकडून करवूनही घेतले. सावित्राबाई दर वेळी आधी पाया पडे, मग दार ढकले. आम्ही चिडवायचो, "आगीला सांग गं, थांब जरा, पाया पडून घेते."

दि. २ रोजी दुपारी जेवण झाल्यावर खळ शिजवतात तिथे, पुढच्या दाराजवळ, आग लागली. आम्ही लाल दाराकडे पळालो. सावित्राबाई पुढे होती. त्या दिवशी ती पाया पडली नाही. तिने खांदा लावला, दार हलले नाही. मग लाथ मारली. आम्हीही मारल्या. धूर कोंडला तेव्हा आम्ही बाकीच्या जणी तोंडाला पदर लावून पुढच्या दाराने आगीतूनच निघालो. निघताना मी सावित्राबाईला ओढले. ती म्हणाली, "ह्येच दार हाय. सायबानं सांगितलंय." तिने हात सोडवून घेतला.

मी वळसा घालून मागे गेले. दाराला बाहेरून कडी-कुलूप होते. आतून धडका येत होत्या. किल्ली मॅनेजरांकडे आणि मॅनेजर लोणावळ्याला. मी दगडाने कुलूप ठेचत होते आणि "सावित्रे, आले गं," असे ओरडत होते. कुलूप तुटले त्याच्या आधीच धडका थांबल्या होत्या.

दिवाळीत पुठ्ठा चोरीला गेला म्हणून मॅनेजरांनी ते कुलूप घातले होते. सुभेदारांना विचारले नव्हते. आता मॅनेजर मालकांना सांगतात की सुभेदारांनी बायकांना पूजेचे वेड लावले, म्हणून बाया दाराशी अडल्या. वाडीवर सांगतात, सावित्राबाईने देवीला लाथ मारली, देवीने तिला घेतले. करून सवरून नामानिराळा! मला त्या माणसाचा संताप येतो, हेही लिहा.

उद्या सावित्राबाईचा दहावा आहे. कोप झालेल्या बाईच्या दहाव्याला जायचे नाही, असे वाडीने ठरवले आहे. तिचा नवरा कान्हू एकटाच नदीवर जाणार आहे. म्हणून मी बोलावणे नसताना आले. लाथा आम्ही सगळ्यांनी मारल्या आणि आम्ही जित्या आहोत. वाघजाईने दार अडवले नाही, निवृत्ती शेलारने अडवले.

हवालदार म्हणाले, कोपाबिपाचे जबाबात लिहीत नाहीत. मी म्हटले, "मग माझा अंगठा न्हाई. उद्या वाडीवर ह्यो कागद तुमीच येऊन वाचायचा, न्हाईतर कान्हूभाऊ एकटा पडंल."

त्यावर सर्व मजकूर लिहून घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे, एकही शब्द गाळलेला नाही. उद्या वाडीवर येऊन वाचण्याचे हवालदारांनी कबूल केले आहे. आता अंगठा देते.