पुरणाची डाळ कुणी जाळली

माझं कुणी ऐकलंच न्हाई, बायांनो! मी तीनदा म्हणलं, "करपल्याचा वास येऊन राहिलाय." धाकटी जाऊ खेकसली, "अक्का, टीव्हीतून वास येतो व्हय? करपत असंल तर तुमच्या नांदेडवालीच्या कढईत!"

लातूरला आमच्या घरी सगळ्याजणी स्वयंपाकाची स्पर्धा बघत होतो. माझ्या माहेरची, नांदेडची शकुंतला वांगी परतत होती. मी ओरडून राहिले, "अगं, मीठ टाक!" सासूबाई तर टाळ्याच पिटायल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धूर आला. पुरणाची डाळ पार कोळसा! आणि जावेच्या लेकीला बघायला आलेले हदगावचे पाव्हणे दारात. "झालं, सोयरीक मोडली," म्हणून जाऊ रडायलाच लागली.

मुलाच्या आईनं नाक मुरडलं. मी सरळ सांगून टाकलं, "टीव्ही बघता बघता आम्ही डाळ जाळली. पोरीचा दोष न्हाई."

बाईनं टीव्हीकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अवो, तुमचा बी न्हाई! परवा टीव्ही बघता बघता आमचं अख्खं पातेलं दूध उतू घालवलं, ती हीच भवानी, शकुंतला!"