गणपतचं वय

आपल्या जिल्ह्याले चांदा म्हणत, तवाची गोष्ट. मूलच्या नाटक मंडळीनं नायिकेचा पार्ट मले न देता माह्या मामेभावाले, गणपतले देल्ला. वर्षभर दुसरीकडं काम करणार नाई, असा कागदबी त्याच्याकडून लिहून घेतला. माहा जीव जळत होता. म्या मालकाले सांगतलं, "भाऊ, गणपत सतराचा हाये. अज्ञान पोराचा करार कायद्यात टिकत नाई."

मालकानं वकिलाले विचारून कागद फाडला. "तुहं वय किती?"

"एकोणीस," म्या छाती काढून सांगतलं, आन तसल्याच कागदावर सही केली.

आठ दिवसांनी गणपत भेटला. "बरं केलं दादा. नागपूरची कंपनी कधीची बलावत होती, कागदानं अडलो होतो. उद्या चाल्लो."

मी धावतच मालकाकडं गेलो. "मलेबी सोडा, भाऊ."

तो म्हणे, "तुले कसं सोडू बाबू? तू त सज्ञान हायेस."