इकतचा वानवळा

टेका जरा, वाटूर फाट्यावर कानावर पडलेली गोष्ट सांगतो. बसची वाट पाहता पाहता कडूबानं बाकावरच्या अनोळखी बाईला मोसंब्यांची पिशवी दाखवली.

"अक्का, इकत आणलेला वानवळा चालतो का?"

"आवं भाऊ, आपल्या रानातलं देतेत, त्याला वानवळा म्हणायचं."

"रानात आता सोलरच्या प्लेटा हायेत. कंपनीला दिलं रान."

"मंग गावानं शिव्या घातल्या असतील!"

"अर्ध्या गावानं. बाकीचे शाबास म्हणतेत. पण दारात कुणीच येत न्हाई."

"पिशवी कुणाला?"

"बांधाशेजारच्या कल्याणला. ग्रामसभेत म्या त्याला अडाणी म्हणलं, त्यानं मला जमीनविक्या. तवापासून बोलणं बंद."

"ग्रामसभेत ज्यानं टेबल आपटला, तोच कल्याण का?"

"तुमाला कसं ठाऊक?"

"जावई हाय माझा. तिकडंच चालले. प्लेटांनी गुरांची वाट गेली म्हणून लई चिडलाय."

"ते बराबर हाय त्याचं. पण सांगू कसं? फोन उचलीत न्हाई."

कडूबानं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"मोसंब्या नको असल्या तर गुरांना टाकू द्या. फकस्त त्याला एवढं म्हणा अक्का, भांडायला तरी घरी ये."