पाटीवरचा शब्द

पाटी रंगवून घ्यायला माझ्यापुढे कुलूपवाले आजोबा आणि त्यांची सून उभे होते.

“पेंटर, ‘किल्ली’ लिही. आमच्याकडे चावी नळाला असते.”

“बाबा, गिऱ्हाईक चावीच मागतं.”

“मागू दे. पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेला शब्द तो.”

“येऊन चारशे वर्षं झाली की!”

“कितीही राहिला तरी पाहुणाच.”

“मग मीही पाहुणीच. दुसऱ्या भाषेतून आले. दहा वर्षं कानशीनं चाव्यांचे दाते घासतेय, पण सकाळी तुम्ही येईपर्यंत बंद दुकानापुढे उभी असते.”

आजोबांनी कमरेचा जुडगा सोडला.

“पेंटर, ‘चावी’ लिही.”

“नक्की ना, आजोबा?”

“नक्की. आणि सूनबाई, धर ही किल्ली. उद्या दुकान तू उघड.”