निळी काच

हॅलो?… हॅलो! सांगली लागली का?… लालासाहेब? आवं, मी धनाजी… धनाजी टॅक्सीवाला! साताऱ्यातनं, पेट्रोल पंपावरनं बोलतोय…

व्हय, व्हय, उद्या येतोय की. आईसाहेबांस्नी रहिमतपूरला माहेरी न्यायचंय, ध्यानात हाय… पर एक सांगायचं व्हतं. आज गाडीचं पासिंग झालं…

झालं, पर काचंवरचा निळा कागद काढाय लावला… चारी काचांचा.

यंदाचं आरटीओ साहेब कडक हायेत. आत कोन बसलंय ते भायेरनं दिसाय पायजे, असा नियम हाय म्हनं… आवं, सांगितलं की! गोषातल्या बायका बसत्यात, मोठं घराणं हाय… साहेब म्हनलं, नियमात घराणं लिवलेलं न्हाई.

पडदं?… न्हाई, पडदंबी न्हाई चालत.

रागावू नका, ऐका तरी… दुसरी गाडी आता कुटं गावायची? हंबीररावमामांनी अन्न सोडलंय, तार तुमीच वाचली न्हवं?… भैनीची वाट बघून बघून मानूस गेलं, तर?…

लालासाहेब, एक बोलू?… दुपारी पातं घिऊन मागच्या शिटावर बसलो, कागद खरवडत. इतकी वर्सं गाडी हाकतोय, पर मागं कवा बसलोच न्हवतो. कागद ऱ्हायलेल्या शेवटच्या काचंतनं भायेर बघितलं… कायच दिसंना. आईसाहेब दर खेपंला इचारायच्या, 'धनाजी, नदी आली का रं?' मी म्हनायचो, आली. मग त्या हात जोडायच्या… एकदा मी इसरलो. पूल मागं गेल्यावर सांगितलं. त्यांनी हात जोडलं, ते उसाच्या फडाला… मी गप बसलो. आज लय लाज वाटली बगा.

हॅलो?… लालासाहेब?… हाय न्हवं?

कोन?… आईसाहेब! तुमी फोनवर?…

न्हाई, कागद न्हाई. साध्या काचा… व्हय, समदं दिसंल… तुमीबी दिसणार, आईसाहेब…

लालासाहेब काय म्हनत्यात? अंधारात निघा?… आन् तुमी?… उजाडल्यावर. बरं, बरं. उजाडल्यावरच निघू.

नदी?… सांगतो की. पूल आला की लगीच… काय?… सांगू नको?…

बरं… न्हाई सांगत. तुमीच मला सांगा, आली म्हनून… हॅलो?… आईसाहेब?… हॅलो…