गनी वाइंडरचं फिजिक्स

...आन वरून बायको हुस्नाबी म्हने, "लडकी को तुमनेच फेल करे." घ्या. तुमाले सांगतो, तीस वर्सं झाली राळेगावात पंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून राह्यलो. अब्दुल गनी वाइंडर म्हनलं का जळालेली मोटार बी दुकानात येऊन गुमान बसते, असं लोकं म्हनत. आता येत नाही म्हना. दोन वर्सं झाली, कापसाले भाव नाही, तं मोटार जळली तं लोकं तिले तशीच विहिरीवर पोत्यानं झाकून ठेवतात. पन त्यात माह्यं काय चुकलं?

पोट्टी माही, अलफिया, बारावी सायन्स. फिजिक्स गेलं का इंजिनिअरिंग गेलं, इतकं साधं. आन सराव परीक्षेत सत्तरपैकी अकरा. पेपर तिनं मले वाचून दाखवला. प्रश्न काय, तं ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड सलग न ठेवता पातळ पत्त्याईचं काहून करतात? पोट्टीनं लिहिलं, सलग लोखंड आत घुसत नाही, पत्ती एकेक करून ठोकता येते. शून्य. पुढचा प्रश्न, ट्रान्सफॉर्मर गुणगुणते काहून? लिहिलं, नट ढिला झाला, कसावा आन वार्निश मारावं. तिथंही शून्य. आता तुमीच सांगा, नट कसला का आवाज कमी होते का नाही? होते. लहानपनापासून दुकानात बसवून मीच तं शिकवलं तिले. माह्यं काय चुकलं?

गेलतो मंग तिले घेऊन विमलताईकडे. रिटायर मास्तरीन, ओसरीत सहा पोट्टे बसवून ट्युशन घेते. मले वाटलं हेबी फळा भरून सूत्रं लिहीन, पोट्टे उतरवतीन, आन कोनी कोनाले काही पुसनार नाही... कॉलेजात तेच तं चालते. मॅडमनं पेपर वाचला, चष्मा वर केला. "गनीभाऊ, पोरीला कसं करायचं ते सगळं येतं. का करायचं, ते कोणी सांगितलंच नाही. तुम्हाला ठाऊक आहे?" आता सहा पोट्ट्याईसमोर मी काय बोलू? म्हनलं, "उस्ताद करत होते, म्हनून." पोट्टे हसले. अलफिया नाही हसली, खाली पाहून राह्यली. ते मले लागलं, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं दुकानातून दोन कॉइली मांगवल्या. एकीत पत्त्या, एकीत सलग सळाख. करंट सोडला, थांबलो, आन मॅडम म्हने, "लावा हात." पत्तीले लावला, कोमट. सळाखीले लावला... बाप्पा, हे पाहा, हे दोन बोटं.

"सलग लोखंडात करंटचे भवरे फिरतात, म्हनून ते तापते. पत्त्याईच्या मधात वार्निश असलं का भवऱ्याले फिराले जागाच नाही." हे कोन बोललं? मॅडम नाही. अलफिया. कोनी विचारलं बी नवतं. बोटं माहे पोळले आन डोक्यात उजेड तिच्या पडला. आन मी? तीस वर्सं त्या पत्त्याईले वार्निश मारून राह्यलो, जंग लागू नये म्हनून.

बोर्डात पोट्टीले सत्तरपैकी एकसष्ट भेटले. पेढे वाटताना हुस्नाबी रडली, मी बी रडलो, लपवाचं काय त्यात.

पन माह्यं पाहा. दुकान रिकामं, म्हनून रोज तिच्यामांगं ओसरीत बसत होतो, तं मॅडम म्हने, "बसताच आहात, तर वही आणा." आनली. पोट्टी पास होऊन गेली, मी सुटलोच नाही. मांगच्या हप्त्यात परीक्षा बी घेतली. सत्तरपैकी नऊ. मॅडमचा नियम हाय, नापास झालं का पेपरावर घरच्यायची सही पाह्यजे. अब्बा माहे केव्हाचेच गेले. बायको म्हने, मी नाही देत. शेवटी अलफियासमोर धरला. तिनं पूरा वाचला, मॅडमसारखाच.

म्हनलं, "बेटा, माह्यं काय चुकलं?"

तिनं पेपर फिरवून दाखवला. मॅडमनं लाल पेनानं लिहिलं होतं, 'सगळं'. त्याच्याखाली पोट्टीनं सही केली आन म्हने, "अब्बा, मॅडम कल मेरेकू मिलने बुलाए."