मास्तरांना धरून

सन्माननीय अध्यक्ष व्यंकोबाराव, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गणिताचे मास्तर रामलिंगराव, त्यांच्या पत्नी गोमतीबाई, आणि पट्टीश्वरम्, तिरुनागेश्वरम् इथून उन्हातून आलेली आपली मराठी मंडळी,

रामलिंगराव निवृत्त झाले. परवा ते मुलाकडे कोइमतूरला कायमचे जाणार. त्यांच्या शाळेतल्या कामाबद्दल हेडमास्तर बोलले. मी साहित्य शिकवतो, तेव्हा मी जेवणाबद्दल बोलतो.

आपल्या वार्षिक समाराधनेत एकदा शेवटची पंगत अर्धीच भरली. तिथे बसलेल्या घराला ते लागलं. तेव्हापासून अध्यक्षांचा नियम आहे, सगळ्या पंगतींत पानं सारखी. नियम चांगला. पण किती माणसं येतील हे आधी कोणाला ठाऊक? म्हणून मास्तर दाराशी उभे राहतात आणि संख्या फोडतात. चौऱ्याऐंशी म्हणजे दोन, दोन, तीन, सात. झाल्या बारा-बारांच्या सात पंगती. एका वर्षी एक्याण्णव आले. व्यंकोबारावांनी दोनाने भागून पाहिलं, तिनाने, पाचाने. म्हणाले, "ही फुटत नाही. आचाऱ्याच्या मेव्हण्याला मागाहून बसवा."

मास्तर म्हणाले, "सात तेरा. मेव्हण्याला बसू द्या."

अध्यक्ष हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतं.

सन पन्नासला सत्त्याण्णव आले. मास्तरांनी दोन, तीन, पाच, सात लावून पाहिले आणि थांबले. मी म्हटलं, "पुढचे बघा की."

"अकरा अकरा एकशे एकवीस. पुढे काही मिळायचं नाही. मूळ संख्या आहे."

"मग?"

"मला धरून मोजलंत ना? मला वगळा."

शहाण्णव झाले. बारा-बारांच्या आठ पंगती बसल्या आणि मास्तरांनी साराची पळी उचलली.

पुढच्या वर्षी त्यांना कोणी मोजलंच नाही. त्यानंतरही नाही. संख्या फुटो न फुटो, पळी त्यांच्या हातात. त्यांना वाढायची हौस आहे, असं आपण म्हणू लागलो. गेल्या आठवड्यात गोमतीबाईंपुढे हा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "हौस कसली हो? घरी येऊन दहीभात खातात. बसा म्हणून कोणी म्हटलंच नाही."



मघाशी दाराशी मास्तर सवयीने मला म्हणाले, "एकशे बारा. चौदा-चौदांच्या आठ." ज्यांचा सत्कार, त्यांनीच स्वतःला धरलं नव्हतं. त्यांना धरून एकशे तेरा. मी दोन, तीन, पाच, सात लावून पाहिले आणि त्यांच्यासारखाच थांबलो. पण मूळ संख्येचीही एक मांडणी असते, आणि ती मास्तरांनीच आपल्या पोरांना शिकवली आहे. ती संख्या, गुणिले एक. म्हणून आचाऱ्याला मी एकच पंगत मांडायला सांगितली आहे. सभागृहाच्या भिंतींलगत, तिथून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात. नियम मोडलेला नाही. अध्यक्षांना हे आत्ताच कळतं आहे, त्याबद्दल त्यांनी रागावू नये.

पाहुण्यांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल आभार मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला.

रामलिंगराव, पळी आचाऱ्याकडे द्या. बसा.